वीस अंशांची खोली

एप्रिल अर्धा सरला की मला घरात बसवत नाही आणि बाहेर जाववत नाही. मुलुंडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर दुपारी भिंतीला हात लावला तर ती अंगात ताप असल्यासारखी लागते. नळाला गरम पाणी येतं, खाली उसाच्या रसाच्या गाडीची घुंगरं वाजत राहतात, आणि शेजारीपाजारी यंदा हापूस कुठून आणायचा यावर हिरिरीने वाद घालतात. मी मात्र भिंतीवरचा तापमापक बघत बसते. तो मीच टांगलाय, कॅलेंडरच्या बाजूला. आई विचारते, "किती झालं व?" मी म्हणते, "चौतीस." ती म्हणते, "मग?" मग काही नाही. पण पाच मिनिटांनी मी पुन्हा जाऊन बघते.

आई बुलढाण्याची. पन्नास वर्षं मुंबईत काढूनही तिची भाषा तिकडचीच राहिली. तिला वाटतं मला वयाचा त्रास सुरू झालाय. तिला वाटतं तेच बरं.

माझं काम सांगायला सोपं आहे. घाटकोपर पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर परबसाहेबांचा गाळा आहे. सहा मशिनं, धातू कापताना त्यावर सोडायच्या कूलंटचा आंबूस वास, पायाला चिकटणारा धातूचा कीस, आणि सगळ्यात शेवटी काचेचं दार असलेली एक छोटी खोली. ती माझी. आम्ही लढाऊ विमानांच्या चाकांच्या सांध्यात बसणारे कांस्याचे बुश बनवतो. बुश म्हणजे जाड भिंतीची, अंगठ्याएवढ्या उंचीची गोल नळी. मशिनवरून उतरलेला प्रत्येक बुश माझ्याकडे येतो, मी तो मोजते आणि मापात असेल तर त्याच्या कागदावर माझा शिक्का मारते. शिक्क्यावर नाव नसतं, फक्त नंबर असतो. माझा सात. बावीस वर्षांहून अधिक काळ तो माझ्या कपाटात आहे. मधले सहा महिने नव्हता, त्याचं कारण पुढे येईलच.

आता जरा समजावून सांगायला कठीण असलेला भाग. धातूला उन्हाळा कळतो. गरम झाला की तो फुगतो, गार झाला की आक्रसतो. म्हणून जगभर एक ठरलेलं आहे: माप घ्यायचं ते वीस अंश तापमानाला. माझी खोली बारा महिने वीस अंशांवर असते आणि माल मोजण्याआधी चार तास तिथे तसाच ठेवायचा असतो. आमच्या गाळ्यात याला "माल मुरायला ठेवणं" म्हणतात. नवीन माणसाला हसू येतं. केसाचे उभे सात भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा फरक, आणि त्यासाठी चार तास? हो, त्यासाठीच. बुश त्याच्या जागेत घट्ट बसायला हवा, आणि घट्ट व सैल यांच्यातलं अंतर तेवढंच असतं.

मला हे काम आवडतं. बाहेर लाल बहादूर शास्त्री मार्गावर हॉर्न, मेट्रोचं खोदकाम, फेरीवाले, आणि आत माझ्या काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर सगळं थंड, पुसलेलं, गप्प. मे महिन्यातही मी तिथे स्वेटर घालून बसते. डब्यातली भाजी गार होते. दाराबाहेर आले की चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर काही दिसत नाही. तापट बाई म्हणून माझी ख्याती आहे, पण त्या खोलीत मी कधी कुणावर आवाज चढवल्याचं आठवत नाही.

तो उन्हाळा मात्र वेगळा होता. सीमेवर वातावरण तापलं होतं, आणि घरात त्याहून जास्त. माझा नवरा विलास महापालिकेच्या पाणी खात्यात आहे, पण त्या दिवसांत तो संध्याकाळी सात ते नऊ हवाई दलाचा प्रमुख असायचा. टीव्हीवर चार जण एकाच वेळी ओरडत आणि पाचवा आमच्या सोफ्यावरून. चौथ्या पिढीचं विमान कुठलं, पाचव्या पिढीचं कुठलं, कुणाचं रडारला दिसत नाही, कुणाचं क्षेपणास्त्र किती लांबून जातं, सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"शीला, तुला सांगतो, आता समोरचं विमान डोळ्याला दिसायची पण गरज नाही. दिसायच्या आत काम तमाम. ज्याच्या हातात आकाश, त्याचीच जमीन!"

"आणि उतरायचं कुठे?"

"म्हणजे?"

"उतरावं तर लागेलच ना कधीतरी."

"तू ना यार, सगळ्याची वाट लावतेस," तो म्हणायचा आणि आवाज वाढवायचा.

खरं तर त्याचं चुकत नव्हतं. मीही पुष्कळ वाचलेलं आहे. बावीस वर्षं एखाद्या वस्तूचा एक तुकडा हातात धरला की अख्खी वस्तू बघावीशी वाटतेच. आजचं लढाऊ विमान एकटं लढत नाही. जमिनीवरची रडारं, उंचावरून टेहळणी करणारी दुसरी विमानं, उपग्रह, सगळे त्याच्या कानात बोलत असतात. त्याने एकाच फेरीत पलीकडचं रडार आंधळं करायचं, आपल्या सैन्याच्या डोक्यावरचं आभाळ मोकळं ठेवायचं, आणि नुसत्या असण्याने समोरच्याला विचार करायला लावायचं. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं. पलीकडे कुणीतरी नकाशा पसरून बसलेला असतो आणि तो एकच गोष्ट मोजत असतो: उद्या सकाळी यांची किती विमानं वर येऊ शकतील? संचलनात दिसलेली किंवा यादीत लिहिलेली तो धरत नाही, खरोखर वर येऊ शकणारी तेवढी धरतो. त्या आकड्यावर तो पाऊल उचलतो किंवा मागे घेतो. म्हणजे न झालेल्या लढाया हीसुद्धा या यंत्राची कमाई असते, आणि तिचं श्रेय कुणालाच देता येत नाही.

आई हे सगळं ऐकून एकदा म्हणाली, "ती विमानं माणसं मारायलेच ना व बाई?" हॉलमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी शांत डोळे मिटलेली बुद्धमूर्ती आहे. मी त्या मूर्तीकडे बघितलं आणि म्हटलं, "मारायला लागू नये म्हणून असतात." मला माझं उत्तर खरं वाटतं, पण पुरेसं वाटत नाही, आजही नाही.

चूक झाली ती टीव्ही तापायच्या जरा आधी, एका शुक्रवारी दुपारी. चाळीस बुशांचा लॉट होता. ज्या दुरुस्ती डेपोला आमचा माल जातो तिथून दोन दिवस सारखे फोन येत होते. परबसाहेब दारात येऊन उभे राहिले. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः लेथवर उभं राहून हा गाळा उभा केलेला माणूस. कधी घाई करत नाहीत. त्या दिवशीही केली नाही, एवढंच म्हणाले, "शीलाबाई, दोन विमानं आपल्या बुशांसाठी उभी आहेत म्हणतात. आज निघालं तर बरं."

माझ्या खोलीचा एसी सकाळपासून धापा टाकत होता. बुश नुकतेच धुऊन आले होते, हातमोज्यांतूनही कोमट लागत होते. चार तास थांबले असते तर टेम्पो निघून गेला असता. मी पंधरा मिनिटं थांबले. मग मोजायला घेतले. मापं ठरलेल्या मर्यादेच्या खालच्या कडेला होती, पण आत होती. रजिस्टरमध्ये मी नेहमीप्रमाणे पहिल्या रकान्यात खोलीचं तापमान लिहिलं. एकोणतीस. लिहिलं, आणि पुढचा रकाना भरायला घेतला. चाळीस शिक्के मारले. कुणी माझा हात धरला नव्हता, कुणी दमदाटी केली नव्हती. उलट त्या दिवशी मला छान वाटत होतं, देशाच्या उपयोगी पडल्यासारखं.

त्यानंतर दोन आठवडे मी अगदी मजेत होते, ही गोष्ट मला अजून लागते.

मग एका रविवारी सकाळी आई लोणच्याच्या बरणीशी झटत होती. पत्र्याचं झाकण गच्च बसलेलं. मी घेतलं, विलासने घेतलं, कुणाला निघेना. आईने ती बरणी आमच्या हातातून ओढली, कढत पाण्याच्या पातेल्यात उलटी धरली आणि मिनिटभराने झाकण सहज फिरवून ओट्यावर ठेवलं. "ताकद कायले लागते? गरम केलं की फुगते ते," ती म्हणाली. विलास हसला. मी ते झाकण हातात घेऊन उभीच राहिले. कोमट होतं. हातमोज्यांतून लागलं होतं तेवढंच.

जे बुश गरम असताना खालच्या कडेला कसेबसे मापात आले होते, ते गार झाल्यावर कुठे गेले असतील?

सोमवारी सकाळी गाळ्यात पोचल्या पोचल्या मी रजिस्टर उघडलं. माझंच अक्षर, स्वच्छ, गोल. एकोणतीस. मी खोटं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं आणि वाचलं नव्हतं. उपकरणाला चूक माफ असते, त्याची पुन्हा तपासणी करतात. माणसाने स्वतःचं लिहिलेलं न वाचण्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. का, याची कारणं मी स्वतःला भरपूर दिली. बाहेर सगळा देश म्हणत होता की विमानं वर पाहिजेत, आणि मी फोन केला तर ती खाली येणार होती. सगळा हिशेब माझ्या मनातला. कदाचित एकही बुश लहान निघाला नसता. परबसाहेबांचं नाव जाणार होतं. माझी बावीस वर्षं जाणार होती. हे शेवटचं कारण मी यादीत शेवटी ठेवत होते, पण ते पहिलं होतं.

घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारी प्रवासी विमानं फार खालून जातात. वर्षानुवर्षं आम्ही मान वर करत नाही. बोलणं अर्ध्यावर थांबवायचं, आवाज गेला की पुढे न्यायचं. त्या तीन दिवसांत मी प्रत्येक विमानाची चाकं बघितली. गाळ्याच्या गॅलरीत कठड्याला धरून उभी राहायचे, चाकं खाली सोडलेलं ते मोठं पोट डोक्यावरून जायचं, आणि ते इमारतींच्या मागे दिसेनासं होईपर्यंत मी कठडा सोडायचे नाही. दिवसभरात किती जातात! खालचा चहावाला म्हणाला, "ताई, कोण येतंय का तुमचं?" मी हो म्हटलं. घरी गेले की टीव्ही. अन्न गोड लागेना. विलास काहीतरी विचारायचा आणि मी त्याच्यावर खेकसायचे. त्याला सांगावं असं दहादा वाटलं, पण त्याच्या डोळ्यांत त्या दिवसांत माझ्याबद्दल एक कौतुक होतं. सोसायटीत तो सगळ्यांना सांगत सुटला होता, "आमच्या हिच्या हातचे पार्ट असतात त्यात!"

गुरुवारी सकाळी परबसाहेबांच्या टेबलावर मी रजिस्टर उघडून ठेवलं आणि त्या एका आकड्यावर बोट ठेवलं. त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. त्यांच्या तोंडी गावची भाषा आली, जी एरवी ते गाळ्यात कधी बोलत नाहीत.

"अगो बाय, आता? ह्या दिवसांत?"

"हो."

"तू चुकाची नाय, असा माका वाटला होता."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. त्यांनी उठून फ्रीजमधून कोकम सरबताची बाटली काढली, दोन ग्लास भरले, एक माझ्यासमोर ठेवला. मग डेपोचा नंबर लावून फोन माझ्याकडे सरकवला.

"तूच बोल. मी बोललो तर सांभाळून बोलेन. तू सांभाळून बोलणार नाहीस."

पलीकडे गायकवाड होते. आयुष्यभर हवाई दलात विमानांच्या चाकांवर काम केलेले, आता डेपोत तपासणी बघणारे. मी त्यांना सरळ सांगितलं: माल मुरू दिला नव्हता, खोली एकोणतीसवर होती, शिक्का माझा आहे.

"किती बुश लहान असतील, मॅडम?"

"माहीत नाही."

"खात्री आहे का पण?"

"खात्री नाहीये म्हणूनच फोन केलाय."

थोडी खरखर ऐकू आली. मग ते म्हणाले, "चार बसलेत. दोन विमानांत दोन-दोन. थांबवतो दोन्ही." आणि फोन ठेवला. रागावले नाहीत, आभार मानले नाहीत.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही, तुकडे आठवतात. विलास टीव्हीसमोर कपाळावर हात मारून म्हणतोय, "आपल्याकडे विमानंच कमी पडतात ना!" आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी आहे, वाहत्या पाण्याखाली एकच वाटी धरून. पलीकडे नकाशा पसरून बसलेला तो माणूस मोजतोय आणि त्याच्या मोजणीत माझ्यामुळे दोन कमी झालीत. ती दोन वर असती तर काही टळलं असतं का? कुणी वाचलं असतं का? आणि वर असती, आणि उतरताना सांधा निखळला असता तर? एका बाजूला न उडालेलं विमान, दुसऱ्या बाजूला न झालेला अपघात. दोन्ही न दिसणारे, दोन्ही न मोजता येणारे, आणि मी आयुष्यभर फक्त मोजत आलेली बाई. शेवटी एका दुपारी मी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "उडाली नाही तर बरंच की," ती म्हणाली. "तेवढीच माणसं वाचली कुठली तरी." तिच्यापाशी असं सोपं उत्तर होतं याचा मला हेवा वाटला.

सीमेवरचं वातावरण निवळल्यावर गायकवाड स्वतः माल घेऊन गाळ्यात आले. चाळीसच्या चाळीस बुश, त्यातले चार वेगळ्या पिशवीत. उंच, वाकलेले, बोटांच्या पेरांत कायमचं काळं ग्रीस मुरलेले गृहस्थ. एसी नवा बसवला होता. सकाळी आठला माल आत ठेवला आणि आम्ही तिघं बारा वाजेपर्यंत बाहेर बसून राहिलो. परबसाहेबांनी उसळपाव मागवला. गायकवाड दोन घास खाऊन म्हणाले, "टीव्हीवाले विचारतात, किती विमानं घेतली. आमचे साहेब रोज सकाळी एकच विचारायचे, आज किती उडणार? आणि आम्ही ज्याला हो म्हणायचो, त्यात कुणीतरी डोळे झाकून बसायचं."

बारा वाजता मी मोजायला घेतलं. ते माझ्या मागे उभे होते. पेटीतले छत्तीस: तेहतीस मापात, तीन लहान. मग पिशवीतले चार. तीन मापात. चौथा लहान निघाला, मायक्रोमीटरवर जेमतेम दिसेल इतका. मी तो भिंगाखाली धरला. काढताना पडलेले उभे ओरखडे होते, ते पडतातच. पण त्यांच्याखाली एक बारीक चमकदार रेघ होती, आडवी, पूर्ण गोलाभर गेलेली. घट्ट बसलेल्या बुशावर अशी रेघ पडू शकत नाही. तो आपल्या जागेत फिरायला लागला होता.

गायकवाडांनी भिंगातून बघितलं. "फोन केलात ते बरं केलंत, मॅडम," ते म्हणाले. "आणखी थोडी उड्डाणं झाली असती तर काही सांगता आलं नसतं." परबसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पिशवीत प्रत्येक बुशाबरोबर एक कार्ड होतं. तो कधी बसवला, विमान कोणकोणत्या दिवशी उतरलं, कधी काढला. मी चौथ्याचं कार्ड उचललं. तारखा ओळीने लिहिलेल्या होत्या, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात. मी बोटाने खाली खाली गेले. बरणीच्या त्या रविवारपर्यंतच्या ओळी ओलांडल्या. सोमवारी दोनदा. मंगळवारी एकदा. बुधवारी दोनदा. गुरुवारपासून कोरं.

पाच वेळा. गॅलरीत उभं राहून मी दुसऱ्याच विमानांची चाकं बघत होते तेव्हा पाच वेळा कुणीतरी त्या फिरत्या बुशावर सगळा भार टाकून खाली उतरलं होतं, कॉकपिटचं झाकण उघडून बाहेर आलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळे झाकून आत बसलं होतं.

गायकवाड अहवाल लिहीत होते. "चूक लक्षात आली गुरुवारी, त्याच दिवशी कळवलं," ते लिहिताना पुटपुटले. "तुमच्या बाजूने हे चांगलं आहे. शिक्का काही महिने जाईल, परत मिळेल."

परबसाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनाही तेवढंच ठाऊक होतं. मान हलवली असती तर झालं असतं.

"गुरुवारी नाही," मी म्हटलं. "सोमवारी."

गायकवाडांनी वर बघितलं, मग माझ्या हातातल्या कार्डाकडे. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि हळूच म्हणाले, "राहू दे ना, मॅडम. कुणाला काही झालेलं नाही."

मी पेन घेऊन टोपण काढलं आणि ते परत त्यांच्या हातात दिलं. "लिहा," मी म्हटलं. "आणि लिहून झालं की मला मोठ्याने वाचून दाखवा."